बरी झालेली बाई आणि राहून गेलेली तपासणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपल्याकडे कोणीतरी बाहेरच्या विदुषी येऊन बोलतात. यंदा चिटणीसबाईंनी आग्रह धरला, की आपल्यापैकीच कोणी बोलावे. विषयही त्यांनीच दिला. मी सातवी शिकलेली बाई, भाषणाची मला सवय नाही. परंतु गेली दोन वर्षे या विषयाच्या मागे मी आरोग्य केंद्रात, जिल्हा रुग्णालयात आणि सुरतेपर्यंत इतक्या खेपा घातल्या आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी डॉक्टरीणबाईंना इतके प्रश्न विचारले आहेत, की आता ते सारे सांगून टाकलेले बरे असे मलाही वाटू लागले.

विषय असा. ज्या बाईला एकदा कर्करोग होऊन गेला, उपचार झाले, ती बरी झाली आणि आता साठीच्या पुढे गेली, तिने दुसऱ्या जागेच्या कर्करोगाची तपासणी करून घ्यावी की नाही? तुम्ही म्हणाल, हा काय विषय झाला! ज्यांना कधी काहीच झाले नाही त्यांचीच तपासणी होत नाही, तिथे बरे झालेल्यांचे काय घेऊन बसलात? ते खरेच आहे. देशात २०१९ ते २१ या काळात घरोघर जाऊन कुटुंब आरोग्याची पाहणी झाली. तीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांना विचारले, की गर्भाशयाच्या मुखाची तपासणी तुम्ही कधी तरी केली आहे का? शंभरात दोघीसुद्धा पुरत्या ‘होय’ म्हणाल्या नाहीत. स्तनाची आणि तोंडाची तपासणी झालेली तर शंभरात एकही भरत नव्हती. आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांना या पाहणीत हा प्रश्न विचारलाच गेला नाही. म्हणजे ज्या वयात हा रोग जास्त गाठतो, त्या वयाच्या बायका मोजणीतच नाहीत. मग त्यांतल्याच एकदा या रोगातून उठलेल्या बायका कोण मोजणार?

आपल्या मंडळाच्या चार आळ्यांत अशा बायका किती, हे आम्ही तिघींनी मागच्या दिवाळीनंतर दारोदार जाऊन विचारले. अकरा निघाल्या. सात स्तनाच्या कर्करोगातून, तीन गर्भाशयाच्या मुखाच्या, आणि एक तोंडाच्या. अकराही जणी साठीच्या पुढच्या. त्यांपैकी नऊ जणी नेमाने आपल्या जुन्या डॉक्टरांकडे दाखवायला जातात, कोणी सुरतेला, कोणी नाशिकला, कोणी थेट मुंबईला. याचे मला कौतुक वाटते, कारण नंदुरबारहून मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास, आणि सोबतीला मुलाची रजा. परंतु दुसऱ्या कुठल्या जागेची तपासणी झाली का, असे विचारले तेव्हा अकरापैकी एकच ‘हो’ म्हणाली, आणि तिचीही झाली ती योगायोगाने.

त्या म्हणजे आपल्या जिजी. त्यांची परवानगी घेऊन सांगते आहे. त्या समोरच बसल्या आहेत, आणि चुकले तर मला टोकणार आहेत.

जिजींना २००८ साली गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाला. शेक दिला, ज्याला आपण ‘लाईट घेतली’ म्हणतो, आणि औषधे दिली. दोन-अडीच महिने त्या धर्मशाळेत राहिल्या. बऱ्या झाल्या. पुढे चौदा वर्षे त्या नेमाने दाखवायला जात. प्रत्येक वेळी डॉक्टर बघत, कागदावर ‘ठीक’ लिहीत, आणि घरी पेढे वाटले जात. आता जिजींना तपकिरीची सवय लहानपणापासूनची. सकाळी उठले की बोटावर घेऊन हिरड्यांना लावायची, दुपारी एकदा, रात्री झोपताना एकदा. चौदा वर्षे त्यांच्या कमरेखालची तपासणी उत्तम झाली. तोंड उघडा, असे त्यांना कोणी म्हटले नाही. आणि म्हणणार तरी कशाला? ते डॉक्टर ज्या जागेसाठी होते ती जागा त्यांनी नीट पाहिली. दार दुरुस्त करायला बोलावलेला सुतार छपराची गळती पाहात नाही, त्याला आपण दोष देत नाही.

२०२२ च्या उन्हाळ्यात आशाताई घरी आल्या होत्या सुनेच्या बाळाला पाहायला. त्यांच्याजवळ बॅटरी होती. जिजी सहज म्हणाल्या, हल्ली ठेचा खाल्ला की गाल पेटतो. भगिनींनो, आपले गाव मिरचीचे. मिरचीच्या पथाऱ्यांवर निम्म्या गावाने देठ खुडलेले, आणि जिजींनी तर तीस वर्षे खुडलेले. ज्या बाईला आयुष्यभर तिखट लागले नाही तिला ते अचानक सोसेनासे झाले, यात काहीतरी आहे, असे आशाताईंच्या लक्षात आले. त्यांनी गालाच्या आत उजेड पाडला. पांढरा चट्टा होता, पुसला तरी जाईना, आणि त्याच्या कडेला लाल ठिपका. चला म्हणाल्या. तेव्हा जिजी काय बोलल्या ते त्यांच्याच बोलीत सांगते : “माले एकदाव व्हई गया ना माय, आते आखो काय व्हई?”

हे वाक्य मी त्यानंतर किती जणींच्या तोंडून ऐकले! आणि ते वेडगळ नाही. त्यामागे एक अनुभव आहे. आपल्या आजीच्या काळात देवी येत, गोवर येई. एकदा देवी येऊन गेल्या की त्या माणसाला पुन्हा येत नसत, म्हणून देवीच्या रोग्याची सेवा करायला देवी येऊन गेलेलीच बाई बसत असे. एकदा भोगले की सुटलो, हे आपल्या बायकांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. परंतु कर्करोग हा देवी-गोवरासारखा नाही. देवी-गोवर होऊन गेला की शरीर तो रोग ओळखायला शिकते, आणि पुन्हा आला तर त्याला आत येऊ देत नाही. कर्करोग बाहेरून येतच नाही. तो आपल्याच शरीराच्या पेशींचा बिघाड. एके ठिकाणचा बिघाड काढून टाकला म्हणून दुसऱ्या ठिकाणच्या पेशींना काही शिकवण मिळत नाही. उलट ज्या कारणाने पहिला झाला ते कारण चालूच राहिले तर दुसऱ्याची भीती इतरांपेक्षा जास्तच.

याला शेताचा दाखला फार चपखल बसतो. बांधालगतचे तण उपटले, म्हणून शेत स्वच्छ झाले का? ज्या शेतात तणाचे बी पडले आहे तिथे ते आणखी कुठेतरी उगवणार. आणि गंमत पाहा, हा दाखला माझा नव्हेच. १९५३ साली अमेरिकेतील स्लॉटर नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या कर्करोगाचे शेकडो रोगी तपासून लिहिले, की गाठीच्या आसपासचे वरून चांगले दिसणारे अस्तरसुद्धा आतून बिघडलेले असते, आणि म्हणून तिथे दुसरी, तिसरी गाठ उगवते. त्याला त्यांनी जे नाव दिले त्यात शब्दही शेताचाच आहे. तंबाखू तोंडात एकाच जागी ठेवली तरी तिचा रस जीभ, गाल, घसा, अन्ननळी असा सगळीकडे फिरतो, हे आपल्याला सांगायला डॉक्टर कशाला हवा?

जिजींचा तुकडा काढून तपासला. सुरुवातीचा कर्करोग निघाला, अगदी लहान. शस्त्रक्रिया झाली, आठवड्याने घरी आल्या. शेक लागला नाही, औषधे लागली नाहीत. तपकिरीचा डबा त्यांनी स्वतः उकिरड्यावर टाकला. (दुसऱ्या दिवशी तो शोधायला गेल्या होत्या असे सूनबाई सांगते, पण तोवर गावची गाडी कचरा घेऊन गेली होती.)

दुसरी गोष्ट मला सांगावीशी वाटत नाही, पण सांगितली पाहिजे. मागच्या आळीतल्या एक बाई, तुम्ही साऱ्या त्यांना ओळखत होता. त्यांचा डावा स्तन काढला होता. पाच वर्षे त्या दाखवायला गेल्या, मग ‘आता यायची गरज नाही’ असे सांगितले, निदान घरच्यांना तसे समजले. उजव्या बाजूला गाठ आली ती त्यांनी कोणाला दाखवली नाही. त्यांच्या लेखी तो रोग डाव्या बाजूचा होता आणि तो फिटला होता. जिल्ह्याच्या ठिकाणी नेले तेव्हा ती गाठ हाडांपर्यंत पोहोचली होती. मागच्या वैशाखात त्या गेल्या. दोघींच्या नशिबात वेगळे लिहिले होते असे मी म्हणणार नाही. एकीच्या तोंडात कोणीतरी बॅटरी मारली, आणि दुसरीच्या अंगाला कोणी हात लावून पाहिला नाही, एवढाच फरक मला दिसतो.

आता हात लावून पाहण्याने, उजेड पाडून पाहण्याने खरोखर काही होते का, असा प्रश्न कोणी विचारील. विचारावाच. मीही विचारला होता. त्याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात मिळाले आहे आणि ते जगाने मानले आहे, हे ऐकून मला फार अभिमान वाटला.

मुंबईच्या टाटा हॉस्पिटलाने, जे १९४१ पासून या रोगाचेच काम करीत आहे, १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून एक मोठे काम सुरू केले. पस्तीस ते चौसष्ट वयाच्या सुमारे दीड लाख बायका. त्यांतल्या निम्म्यांची दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा तपासणी केली. उरलेल्यांना माहिती दिली. तपासणाऱ्या कोण? मोठ्या डॉक्टर नव्हेत. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका, आपल्या मुलीबाळींसारख्याच. गर्भाशयाच्या मुखाला व्हिनेगरचे पाणी लावायचे, मिनिटभर थांबायचे, पांढरा डाग उमटला तर पुढे पाठवायचे. स्तन नुसत्या हाताने तपासायचे. यंत्र नाही, वीज नाही. बारा वर्षांनी मोजले तेव्हा तपासलेल्या बायकांत गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचे मृत्यू शंभराला एकतीसने कमी झालेले आढळले. २०१३ साली हे अमेरिकेतल्या मोठ्या सभेत डॉक्टर सुरेंद्र शास्त्री यांनी सांगितले. स्तनाचा हिशेब वीस वर्षांनी, २०२१ साली छापून आला. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मृत्यू फारसे कमी झाले नाहीत, पण पन्नाशी ओलांडलेल्यांत शंभराला जवळजवळ तीसने कमी झाले. म्हणजे हाताने पाहण्याचा लाभ मुख्यतः कोणाला? आपण ज्यांना ‘आता काय तपासायचे, म्हातारी झाली’ म्हणतो त्यांना.

दुसरे काम तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवात झाले. बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि टाटा हॉस्पिटल यांनी ते केले. एक लाख एकतीस हजारांवर खेड्यातल्या बायका. २००९ साली त्याचा निकाल आला : गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग ज्या विषाणूमुळे होतो त्या एचपीव्हीची चाचणी आयुष्यात एकदा झाली, तरी आठ वर्षांत वाढलेल्या अवस्थेतले रोगी आणि मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. तो भाग दुष्काळी, आपल्यासारखाच एस्टीवर अवलंबून. तिथे झाले ते अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरात होणार नाही असे कोणी म्हणू नये; रस्ते अवघड आहेत एवढेच.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगते. ही दोन्ही कामे आधी कर्करोग न झालेल्या बायकांवरची आहेत. बरे झालेल्या, वय झालेल्या लोकांचे काय होते हे पाहण्याचे काम अमेरिकेत जास्त झाले. तिकडे २००४ साली मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून उठून पाच वर्षे झालेल्या वृद्ध माणसांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांना लागणारी बाकीची काळजी, इतर आजारांची आणि इतर तपासण्यांची, हा रोग न झालेल्या माणसांपेक्षा मागे पडत होती. आणि कोणाची नीट होत होती? ज्यांचे कर्करोगाचे डॉक्टरही चालू होते आणि घरचे नेहमीचे डॉक्टरही चालू होते, त्यांची. नुसत्या एकाकडे जाणाऱ्यांची नाही. इतक्या श्रीमंत देशात हे, तर आपल्याकडे काय असेल? आपल्या अकरांपैकी आठ जणींनी तर कर्करोग झाल्यापासून गावच्या डॉक्टरांकडे जाणेच सोडले होते. ‘मोठे डॉक्टर पाहतात ना!’

तेव्हा आता कोणी काय पाहून घ्यायचे ते सांगते. हे मी डॉक्टरीणबाईंकडून दोनदा वाचून घेतले आहे, पण तुमच्या प्रकृतीचे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

जिचा एक स्तन काढला किंवा त्यातली गाठ काढली, तिने उरलेल्या भागाची आणि दुसऱ्या बाजूची तपासणी सोडू नये. मॅमोग्राम म्हणजे स्तनाचा एक्सरे, तो वर्षातून एकदा. तो प्रत्येक गावी होत नाही, त्यामुळे जुन्या डॉक्टरांकडे जाल त्याच खेपेला तो करून घ्यावा, वेगळे भाडे पडत नाही. यात आणखी एक. स्तनाच्या कर्करोगानंतर पुष्कळ जणींना पाच-दहा वर्षे टॅमॉक्सिफेन नावाची गोळी देतात. गोळी चांगली आहे, ती मनाने बंद करू नये. पण पाळी गेलेल्या बाईत तिने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होण्याचा संभव थोडा वाढतो. म्हणून पाळी जाऊन वर्षे लोटल्यावर अंगावरून लाल दिसले, नुसता डाग जरी पडला, तरी त्याच आठवड्यात दाखवायचे. ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जाचे पाणी पीत बसायचे नाही. गोळी घेत नसलेल्या बाईलाही हाच नियम.

गर्भाशयाच्या मुखाची तपासणी स्तनाच्या किंवा तोंडाच्या रोगातून उठलेल्या बाईलाही लागतेच. इथे वयाची एक अडचण आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. व्हिनेगरची तपासणी तरुण बाईत चांगली. पाळी गेल्यावर जो भाग पाहायचा तो आत सरकतो आणि वरून दिसत नाही. तेव्हा साठीच्या बाईला ‘व्हिनेगरने पाहिले, ठीक आहे’ एवढ्यावर समाधान मानून चालत नाही. पेशी घेऊन पाहण्याची पॅप तपासणी किंवा एचपीव्हीची चाचणी होईल का, असे विचारायचे. आधीच्या तपासण्या नेमाने झालेल्या आणि चांगल्या निघालेल्या असतील तर पासष्टीनंतर ती थांबवताही येते. पण जिची आयुष्यात एकदाही झाली नाही तिला हा नियम लागू नाही.

‘माझी पिशवीच काढली आहे’ असे म्हणणाऱ्या आपल्यात बऱ्याच आहेत. पिशवी कशासाठी काढली हे आधी पाहा. गाठी होत्या, रक्तस्राव होता म्हणून मुखासकट काढली असेल तर मुखाची तपासणी नको. कर्करोगासाठी किंवा त्याच्या आधीच्या बिघाडासाठी काढली असेल तर आतल्या टोकाची तपासणी चालू ठेवावी लागते. आणि मुख ठेवून वरचाच भाग काढला असेल तर तपासणी पूर्वीसारखीच. आपल्यापैकी कितीकींना आपले नेमके काय काढले हेच ठाऊक नसते. कागदावर असते. आणि काहीही काढले असले तरी स्तन आणि तोंड जागेवरच आहेत, हे विसरू नये.

तोंडाचे काम सोपे. मशेरी, तपकीर, तंबाखू, गुटखा यांतले काहीही आयुष्यात कधी घेतलेल्या प्रत्येकीने उजेडात तोंड दाखवावे. पुसला न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारे व्रण, तोंडात तीन बोटे उभी न मावणे, आवाज बसून राहणे, आणि आपल्या गावाची खास खूण, तिखट सोसेनासे होणे. यासाठी एक बॅटरी आणि एक समजूतदार माणूस पुरते. घरातल्या पुरुषांनाही बसवा. त्यांच्या खिशातली पुडी कोणाला ठाऊक नाही?

शेक घेतलेल्या जिजींसारख्या बायकांसाठी एक गोष्ट जास्तीची. शौचावाटे रक्त गेले की त्या म्हणतात, हा शेकाचा जुना त्रास, किंवा मूळव्याध. असेलही. पण ते बघणाऱ्याने ठरवावे. मोठ्या आतड्याची तपासणी सरकारच्या गावोगावच्या कार्यक्रमात नाही, त्यामुळे ही खूण आपल्यालाच ओळखावी लागते.

सरकारचा कार्यक्रम म्हणजे तीस वर्षांवरील सर्वांची तोंड, स्तन आणि गर्भाशयाचे मुख या तीन जागांची तपासणी. २०१६ पासून त्याची आखणी गावपातळीपर्यंत आली. आशाताई घरी येऊन जो फॉर्म भरतात तो त्याचाच. मी सांगितलेले बरेचसे प्रश्न त्यात आहेत. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात बायकांसाठी देशभर आरोग्याची शिबिरे झाली, त्यांतही ही तपासणी होती. परंतु बरे झालेल्या बायका या शिबिरांना जात नाहीत. रांगेतली कोणी म्हणते, ‘तुम्ही कशाला? तुमचे तर झाले आहे.’ आणि त्या स्वतःही ओशाळून मागे सरतात. चार लोकांत तो रोग पुन्हा उगाळायला नको, लेकीच्या सासरी कळायला नको. तेव्हा फॉर्म भरताना ‘मला पूर्वी अमुक झाला होता’ हे लपवू नये. लपवले तर तपासणारीला कुठे जास्त लक्ष द्यायचे ते कळत नाही.

आता सत्तर-ऐंशीच्या बायकांबद्दल. प्रत्येक म्हातारीला प्रत्येक तपासणीला ओढत न्यावे असे माझे म्हणणे नाही. तपासणीचा लाभ पुढे काही वर्षांनी मिळतो. जी अंथरुणाला खिळली आहे, जिचे हृदय थकले आहे, तिला मॅमोग्रामसाठी सुरतेला नेणे हा छळ होईल, आणि तसे डॉक्टरही सांगतात. पण आपल्याकडे चूक उलट बाजूने होते. पंचाहत्तराव्या वर्षी पथारीवर उकिडवी बसून दिवसभर देठ खुडणारी बाई आपण म्हातारी म्हणून वगळतो! तिला अजून दहा वर्षे जगायचे आहे. वय नव्हे, अंगातली ताकद पाहा. आणि त्रास सुरू झाला असेल, गाठ लागली असेल, रक्त दिसले असेल, तर मग वयाचा प्रश्नच उरत नाही, ते दाखवायचेच.

बायका न जाण्याची आणखी दोन कारणे आम्हांला दारोदार फिरताना कळली. पहिले मजुरीचे. पथारीवर जेवढे काम तेवढा पैसा. तपासणीचा दिवस म्हणजे बुडालेला दिवस. पुन्हा सोबत नेणाऱ्या मुलाचाही बुडतो. पहिल्या आजारात घराने कर्ज काढले, शेताचा तुकडा गहाण पडला, ते अजून फिटले नसेल तर आजी स्वतः होऊन ‘मला तपासा’ म्हणणार कशी? तिला वाटते, आपण एकदा घराला बुडवले, आता पुरे. हे ती बोलून दाखवत नाही, पण डोळ्यांत दिसते. अशा आजीला एवढेच सांगावे, की तपासणी आरोग्य केंद्रात फुकट होते, आणि लहानपणीच सापडलेला रोग घराला बुडवत नाही. जिजींच्या दुसऱ्या आजाराचा खर्च पहिल्याच्या पावपटही नव्हता; हा हिशेब त्यांच्या मुलाने मला वहीत दाखवला.

दुसरे कारण सांगितले तर काही जणींना राग येईल. आपण मंडळातर्फे आरोग्याचे जे सांगतो ते कधी सांगतो? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. डॉक्टरीणबाईंनाही तेव्हाच बोलावतो. आता या अकरा जणींपैकी सहा विधवा आहेत. त्या हळदीकुंकवाला येत नाहीत. आपण बोलवत नाही, आणि बोलावले तरी त्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहतात. म्हणजे ज्यांना सांगायचे त्याच सभेबाहेर! चालीरीतींचा वाद मला आज घालायचा नाही. पण यापुढे डॉक्टरीणबाईंची भेट साध्या दिवशी, साध्या चहावर ठेवावी, अशी सूचना मी कार्यकारिणीपुढे मांडली होती. ती मान्य झाली याचा आनंद आहे. अध्यक्षीणबाईंनी तर ती मांडण्याआधीच मान हलवली होती.

कागदांविषयी सांगून थांबते. जुन्या आजाराचे कागद देव्हाऱ्याच्या मागे, ट्रंकेच्या तळाशी, पत्र्याच्या फटीत असतात. एका ठिकाणी तर उंदरांनी खाल्ले होते. रोग कोणता होता, कोणत्या साली, काय काढले, शेक किती दिला, गोळी कोणती चालू आहे, हे एका पानावर मोठ्या अक्षरांत उतरवून घ्यावे. ते पान आणि मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावे, नि गावच्या डॉक्टरांकडे जाताना हीच पिशवी न्यावी. मोठ्या डॉक्टरांकडे गेल्यावर एक प्रश्न नेमाने विचारावा : ‘हे झाले, आता दुसरे काय पाहून घेऊ, आणि कुठे?’ ते सांगतात. विचारल्यावर सांगितले नाही असे आम्हांला एकाही जागी आढळले नाही. पान उतरवून द्यायला आपल्या मंडळातल्या कॉलेजात जाणाऱ्या तिघी मुली तयार आहेत; त्यांचे अक्षर चांगले आहे.

येत्या बुधवारी अकरांपैकी ज्या तयार होतील त्यांना घेऊन आपण आरोग्य केंद्रात जाणार आहोत. डॉक्टरीणबाईंनी दहा ते बारा ही वेळ आपल्यासाठी राखली आहे, आणि पडद्यामागे तपासायला नर्सबाईच असतील, पुरुष कोणी नाही. ज्यांची मजुरी बुडेल त्यांच्यासाठी मंडळाच्या निधीतून त्या दिवसापुरते देण्याचे ठरले आहे. प्रत्येकीबरोबर मंडळाची एक बाई राहील. आतापर्यंत सात नावे आली. पहिले नाव जिजींनी स्वतः घातले आहे, आणि त्यांच्याबरोबर मी जाणार आहे. उरलेल्या चौघींच्या घरी उद्या संध्याकाळी जिजी आणि आशाताई जातील. या चौघींच्या सुना इथे बसल्या असतील तर त्यांनी जाण्यापूर्वी मला भेटावे. चहा मागच्या खोलीत ठेवला आहे.